‘नाही येतोय’ आणि ‘नाही, येतोय’

प्रश्न एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिव बाईंचा आहे. त्या लिहितात : “नोटिसा, सभेचं इतिवृत्त, व्हॉट्सॲपवरच्या सूचना, सगळं मलाच लिहावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घ मी सांभाळते, पण विरामचिन्हं कुठे द्यायची हे शाळेनंतर कोणी सांगितलंच नाही. ‘अर्थ कळतो ना, मग झालं’ असं सभासद म्हणतात. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, ‘आई, तू पूर्णविराम दिलास की रागावल्यासारखं वाटतं.’ रोजच्या लिहिण्यात या चिन्हांवाचून खरंच काही अडतं का? अडत असेल तर मी किती शिकायचं?”

चौतीस वर्षं मी मुद्रितशोधन केलं. सुरुवात खिळ्यांच्या छापखान्यात झाली, शेवट डीटीपी ऑपरेटरच्या शेजारच्या खुर्चीत. हयात दुसऱ्यांचे स्वल्पविराम हलवण्यात गेली, त्यामुळे ‘काही अडत नाही’ असं माझ्या तोंडून येणार नाही हे उघड आहे. पण सगळीकडे अडतं असंही मी म्हणणार नाही. मराठीत ते ठरावीक जागी अडतं. त्या जागा ओळखता आल्या की बाकीच्या नियमांचा बाऊ करायचं कारण नाही.

आधी घरचा किस्सा सांगतो. भाचा कोकणातून पहाटेच्या गाडीने येणार होता आणि मी त्याला घ्यायला स्टेशनवर जाणार होतो. रात्री त्याचा फोन लागेना. मी निरोप टाकला, ‘गाडी चुकली की काय?’ थोड्या वेळाने उत्तर आलं, ‘नाही येतोय’. मी वाचलं ते ‘येत नाहीये’ असं. गजर बंद केला आणि झोपलो. त्याला म्हणायचं होतं, ‘नाही, येतोय.’ म्हणजे गाडी चुकली नाही, निघालोय. हापूसच्या दोन पेट्या घेऊन पोरगा फलाटावर तासभर उभा. चारशे पानांच्या प्रुफात निखळलेला एक स्वल्पविराम हुडकणारा हा मामा, पण चार इंचांच्या पडद्यावर तो नाही हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

हेच तो फोनवर बोलला असता तर ‘नाही’नंतर आवाज क्षणभर थांबला असता आणि ‘येतोय’ वेगळ्या सुरात आलं असतं. तो थांबा कागदावर किंवा पडद्यावर कशाने तरी दाखवावा लागतो. स्वल्पविरामाचं मुख्य काम एवढंच.

आता त्या जगप्रसिद्ध उदाहरणाबद्दल. विरामचिन्हांचा विषय निघाला की कोणीतरी ‘रोको मत जाने दो’ पाठवतंच. स्वल्पविराम ‘रोको’नंतर दिला की एक अर्थ, ‘मत’नंतर दिला की उलटा. उदाहरण छान आहे, पण ते हिंदीचं आहे. हिंदीत ‘मत’ क्रियापदाच्या आधीही येतो आणि नंतरही, म्हणून तो दोन्हीकडे ओढता येतो. मराठी करून बघा : ‘थांबवू नका जाऊ द्या’. स्वल्पविराम काढा, कुठेही द्या, अर्थ तोच राहतो. कारण नकार हवा असेल तर आपण ‘जाऊ देऊ नका’ म्हणतो, क्रियापदाचं रूपच बदलतं. मराठीने इथे कडी आधीच घालून ठेवलेली आहे. आणखी काही जण उत्साहाने ‘ध चा मा’ची आठवण करून देतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याभोवतीची ती आख्यायिका आहे, ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची. पण तिथे बदललं ते अक्षर. विरामचिन्हं बदलायला मोडी पत्रात ती असायची कुठे?

मोडीत विरामचिन्हं नव्हती, शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडत नसत. कारकून आधी पानभर शिरोरेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. तरीही त्याच लिपीत शतकानुशतकं राज्यकारभार चालला, जमाखर्च झाले, वतनं दिली गेली. हे कसं निभावलं? माझ्या मते, मराठीने आपली विरामचिन्हं शब्दांतच ठेवली होती म्हणून. क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणजे ते आलं की वाक्य संपलं. ‘का’ आला की प्रश्न झाला. दुसऱ्याचं बोलणं संपलं हे ‘असे’ आणि ‘म्हणून’ सांगतात, अवतरणचिन्ह नसलं तरी चालतं. ‘की’ आला की पुढे आशय आहे हे कळतं. आणि पत्र संपलं हे सांगायला तर अख्खा शिक्का होता. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा उठवलेली असते. मजकुराची मर्यादा इथे संपली, याच्यापुढे कोणी काही घुसडू नये, हा तिचा अर्थ. हेच मोर्तब. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला रोजचा शब्द तिथूनच आला. मला विचाराल तर मराठीतला सगळ्यात भारदस्त पूर्णविराम तोच.

पोथ्यांमध्ये एक दंड (।) आणि दोन दंड (॥) होते, अभंग-ओव्यांत ते आजही छापतात. आज आपण वापरतो ती स्वल्पविराम, अर्धविराम वगैरे मंडळी इंग्रजी छपाईबरोबर आली. ती मराठी गद्यात पद्धतशीर रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. १८३१ साली निघालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात होते तेच कँडी. पुढे हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड कायम ठेवला, मराठीने टिंब घेतलं. बरंच झालं म्हणायचं. जुन्या जमाखर्चात ‘१।’ म्हणजे सव्वा, ‘१॥’ म्हणजे दीड आणि ‘१॥।’ म्हणजे पावणेदोन. ‘एकूण भाडे रुपये ५’ असं वाक्य दंडाने संपवलं असतं तर जुन्या वळणाच्या मुनिमाने सव्वापाच वसूल केले असते.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की सभासदांचं ‘अर्थ कळतो ना’ हे म्हणणं अगदीच चूक नाही. क्रियापद शेवटी ठेवून, ‘का’, ‘की’, ‘म्हणून’ जागच्या जागी वापरून सरकारी वळणाचं मराठी लिहिलं तर चिन्हांवाचून पुष्कळ निभावतं. पण आपण आता तसं लिहितच नाही, आपण बोलल्यासारखं लिहितो. बोलताना क्रियापद मध्येच येतं आणि शेपूट नंतर : ‘लावू नका गाडी तिथे.’ ‘का’ गळतो, ‘की’ गळतो. त्यांचं काम आवाज करतो. लिहिताना आवाज नाही, ते छोटे शब्दही नाहीत आणि चिन्हंही नाहीत. गोची होते ती इथे.

तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ‘पाणी आलं’ एवढंच लिहिलं तर काय होतं आठवा. ती बातमी आहे की विचारणा? अर्धे लोक बादल्या घेऊन धावतात आणि मग खालून तोच माणूस लिहितो, ‘अहो मी विचारत होतो.’ ‘पाणी आलं का’ असं लिहिलं असतं तर प्रश्नचिन्ह नसतं तरी चाललं असतं. ‘का’ गाळलात तर ते द्यायलाच हवं. उलट, ‘पाणी कधी येणार ते माहीत नाही’ या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह देऊ नका, ते विधान आहे. ही चूक वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही सर्रास दिसते.

दुसरी जागा हाक मारण्याची. ‘मुलांनो’, ‘सभासदहो’ यांना संबोधनाचं वेगळं रूप आहे. पण काका, मामा, दादा, ताई, आई, बाबा या नात्यांना नाही. ‘काका उद्या येणार नाहीत’ यात काका येणार नाहीत, की काकांना कोणीतरी सांगतंय की दुसरं कोणी येणार नाही? ‘काका, उद्या येणार नाहीत’ लिहिलं की प्रश्न मिटला. हाक मारलीत की स्वल्पविराम द्या. याला अपवाद मला अजून सापडलेला नाही.

तिसरी जागा ‘नाही’, ‘हो’, ‘नको’, ‘बरं’ यांनी सुरू होणाऱ्या उत्तरांची. भाच्याचं उदाहरण वर आलंच. चौथी याद्यांची, आणि तिथे थोडं थांबतो, कारण तिथे पैसे असतात. मृत्युपत्राचा हा कच्चा मसुदा बघा, नमुना म्हणून मीच रचला आहे :

‘राहते घर पत्नीस गावची जमीन मोठ्या मुलास दुकान धाकट्यास दागिने मुलीस बँकेतील ठेव’

घर पत्नीला, जमीन मोठ्याला, दुकान धाकट्याला, दागिने मुलीला, असं वाचलं तर ठेव कोणाचीच नाही. ‘पत्नीस गावची जमीन, मोठ्या मुलास दुकान, धाकट्यास दागिने, मुलीस बँकेतील ठेव’ असंही वाचता येतं. मग घर उघड्यावर पडतं. मराठीत ‘घर पत्नीस’ आणि ‘पत्नीस घर’ दोन्ही क्रम चालतात, त्यामुळे दोन्ही वाचनं सारखीच शुद्ध. इथे स्वल्पविरामांची किंमत एका दुकानाएवढी आहे. खरं तर असा कागद वकिलाकडून करून घ्यावा आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या क्रमांकाच्या ओळीत लिहावी. नवी ओळ हेसुद्धा एक विरामचिन्हच आहे, आणि तुमच्या नोटिसांसाठी तर सगळ्यात उपयोगाचं.

यादीतल्या एका-एका नोंदीतच स्वल्पविराम असतील, नाव, पद, गाव असे, तर दोन नोंदींमध्ये अर्धविराम (;) द्या. अर्धविरामाचं रोजचं काम एवढंच उरलं आहे. अपसारणचिन्ह, म्हणजे ती लांब रेघ, नाही वापरलीत तरी बिघडत नाही.

आकड्यांतली चिन्हं मात्र शब्दांतल्यापेक्षा जपून लिहा, कारण वाक्य चुकलं तर संदर्भ सावरून घेतो, आकडा चुकला तर काहीही सावरत नाही. औषधाचा डोस ‘.५ मिली’ लिहू नये, टिंब पुसट झालं की पाच होतात. ‘०.५’ लिहावं, घरच्या माणसाला सांगायचं असेल तर ‘अर्धा’ लिहावं. ‘१०-१२ तारखेला’ म्हणजे दहा ते बारा की दहा डिसेंबर? ‘१० ते १२’ लिहा, ‘ते’ टाइप करायला कितीसा वेळ लागतो. जमिनीच्या कागदात ‘स. नं. ४५/२’ म्हणजे सर्व्हे नंबर ४५, हिस्सा २. तिरपी रेघ गळाली की ४५२ होतो, आणि ती जमीन भलत्याचीच असते. गंमत म्हणजे ‘७/१२’ मधली तीच रेघ वेगळं काम करते. तिथे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र आहेत, एवढंच ती सांगते. ‘रु. ५०००/-’ मधली शेवटची रेघ आणि चेकवर अक्षरी रकमेपुढचं ‘फक्त’ या दोन्ही त्या जुन्या मोर्तबाच्या भाच्या : इथे संपलं, पुढे शून्य जोडू नका.

आता मला सगळ्यात छळणारी गोष्ट. लग्नपत्रिका, फ्लेक्स, नोटिसा, जिथे बघावं तिथे ‘स्थळः’, ‘वेळः’, ‘दिनांकः’. हा विसर्ग आहे. विसर्गाला उच्चार असतो. ‘स्वतः’, ‘अंशतः’, ‘दुःख’ यांतला तो खरा. ‘वेळः’ प्रामाणिकपणे वाचायचं तर ‘वेळह’ असं वाचावं लागेल. हवं असतं ते अपूर्णविरामाचं, म्हणजे इंग्रजीतल्या कोलनचं चिन्ह, आणि ते विसर्गासारखं दिसू नये म्हणूनच मराठी छपाईत त्याच्याआधी थोडी जागा सोडायची रीत आहे : ‘वेळ : सायं. ६.३०’. उलटी चूकही तितकीच होते, ‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करतात. डोळ्याला फरक दिसत नाही, पण संगणकाला ही दोन वेगळी अक्षरं आहेत. एकदा एका मोठ्या मजकुरात मला ‘दुःख’ शोधायचं होतं. संगणक म्हणाला, तीन ठिकाणी आहे. हाताने मोजलं तर एकोणतीस ठिकाणी निघालं. बाकीच्या सव्वीस दुःखांत दोन टिंबं भलतीच होती. तुमच्या इतिवृत्तांतही पाच वर्षांनी कोणीतरी काहीतरी शोधणारच आहे.

मोकळ्या जागेचंही असंच. चिन्ह आधीच्या शब्दाला चिकटून आणि नंतर एक जागा. आधी जागा सोडलीत की मोबाइलवर ओळ तुटते आणि बिचारं प्रश्नचिन्ह एकटंच खालच्या ओळीत येऊन पडतं. फक्त वर सांगितलेला अपूर्णविराम याला अपवाद. आणि विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं तोडू नका. ‘घरा चे’, ‘माझ्या वर’ ही मराठी नव्हे.

‘तो म्हणाला की’ यात स्वल्पविराम ‘की’च्या आधी की नंतर, यावर आमच्या धंद्यात लोकांनी अबोला धरल्याचं मी पाहिलं आहे. शक्यतो नंतर देऊ नका. आधी द्यायचाच असेल तर द्या, पण छोट्या वाक्यात मी तोही देत नाही. ‘की’ स्वतःच थांबवतो, त्याच्या शेजारी पुन्हा पहारेकरी कशाला? ‘पण’ आणि ‘म्हणून’ यांच्यापुढे उगाच स्वल्पविराम देण्याची सवय इंग्रजीतून आली आहे, ती मोडा. शासनमान्य शुद्धलेखनाचे जे अठरा नियम आहेत (चौदा १९६२चे, चार १९७२चे) त्यांत अनुस्वार आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आहेत, पण विरामचिन्हांवर एकही नियम नाही. त्यामुळे यातलं बरंचसं रिवाजावर चालतं, आणि माझा रिवाज मी सांगितला.

अवतरणचिन्हं जोर देण्यासाठी वापरू नका. एका खानावळीच्या पाटीवर ‘शुद्ध’ शाकाहारी, असं शुद्धलाच अवतरणात घातलेलं पाहिलं आणि मी पुढच्या खानावळीत गेलो. अवतरणातला एकटा शब्द ‘म्हणे’ लावल्यासारखा वाचला जातो. उद्गारचिन्ह एकच पुरतं, आणि शोकसंदेशात एकही नको. ‘भावपूर्ण श्रद्धांजली!!!’ वाचताना वाटतं की मागे कोणीतरी ताशा वाजवतंय.

आता तुमच्या कामाचं. समजा, नोटीस अशी आहे :

‘रविवारी सकाळी १० ते १ पाणी येणार नाही टाकी साफ होणार आहे गाड्या फाटकाजवळ लावू नयेत मागच्या मैदानात लहान मुलांना सोडू नये’

‘गाड्या फाटकाजवळ लावू नयेत, मागच्या मैदानात’ इथे थांबून निम्मे सभासद गाड्या मैदानात नेऊन लावतील. बोलताना आपण असंच बोलतो, त्यांचा दोष नाही. तीच नोटीस अशी लिहा :

‘रविवारी सकाळी १० ते दुपारी १ या वेळात पाणी येणार नाही. टाकी साफ होणार आहे.
गाड्या फाटकाजवळ लावू नयेत.
मागच्या मैदानात लहान मुलांना सोडू नये.’

शब्द जवळपास तेच आहेत. चार पूर्णविराम आणि नव्या ओळी. सोसायटीच्या सचिवाला लागणाऱ्या व्याकरणापैकी निम्मं यात आलं. राहिलेल्या निम्म्यात हाकेनंतरचा आणि ‘नाही’नंतरचा स्वल्पविराम, विचारणेपुढचं प्रश्नचिन्ह आणि ‘वेळ’पुढचा अपूर्णविराम. मजकूर बोलून टाइप करत असाल, तर पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. जिथे तुमचा आवाज थांबतो तिथे चिन्ह आहे का, बघा.

मुलीचं म्हणणं मात्र ऐका, ती बरोबर आहे. एका ओळीच्या निरोपात ओळ संपली की वाक्य संपतंच, तिथे पूर्णविराम देण्याची गरज नसते. आणि गरज नसताना दिला की तो मुद्दाम दिल्यासारखा वाटतो. ‘ठीक आहे’ म्हणजे ठीक आहे. ‘ठीक आहे.’ म्हणजे विषय संपला, आता बोलू नकोस. आपल्या पिढीची ‘बरं.....’ ही टिंबांची रांगही तिच्या पिढीला कुरकुरीसारखी ऐकू येते, हे मला माझ्या सुनेने सांगितलं. तेव्हा मुलीला लिहिताना शेवटचा पूर्णविराम काढून ठेवा आणि नोटिशीत जपून द्या. भाच्याला मात्र मी सांगून ठेवलं आहे, ‘निघालोय’ एवढंच लिहीत जा.